लक्षात राहील, असं म्हणू नका

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्यापुढे एका सर्जनच्या लेखनाबद्दल बोलणार आहे. सर्जन अमेरिकेतला, पण आडनाव आपल्या ओळखीचं आहे. डॉ. अतुल गावंडे. मी स्वतः डॉक्टर नाही. औषधाच्या दुकानात काउंटरच्या आत उभं राहून माझं आयुष्य गेलं. त्यामुळे मी सांगेन ते उपचार म्हणून घेऊ नका. उपचार डॉक्टरांनीच करायचे. पण रोगी डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर आणि डॉक्टरांकडून घरी आल्यावर जे काही घडतं, ते तुमच्या-माझ्या हातात असतं. गावंडे यांचं लेखन वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की हा माणूस आपल्याच भागाबद्दल बोलतो आहे.

तसा तो परका नाहीच. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ उटी नावाचं गाव आहे. अतुल गावंडे यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे त्या गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. ते डॉक्टर झाले, अमेरिकेला गेले आणि ओहायो राज्यातल्या अथेन्स या लहान गावात मूत्रविकारांचे सर्जन म्हणून राहिले. आई बालरोगतज्ज्ञ. वडिलांची आई, म्हणजे गोपिकाबाई, मुलगा लहान असतानाच मलेरियानं गेली. उमरखेडचं गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय हे त्यांच्याच नावाचं. १९६५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेले अतुल गावंडे पुढे बोस्टनला सर्जन झाले, हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले, आणि त्यांनी विषय निवडला तो असा: डॉक्टरांना इतकं ठाऊक असूनही रोग्याला अपाय का होतो?

त्यांच्या आजोबांची, सीताराम गावंडे यांची, हकिकत त्यांनी ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ च्या पुस्तकात सांगितली आहे. आजोबा जवळजवळ एकशे दहा वर्षं जगले. घरच्यांच्या मानात, सुना-नातवंडांत जगले. गेले ते म्हातारपणानं नव्हे. कोर्टाच्या कामासाठी निघाले होते, बसमधून उतरत होते, तेवढ्यात बस हलली. ते पडले आणि डोक्याला मार लागला. एसटीतून उतरताना पडलेला म्हातारा माणूस आपल्यापैकी कुणी पाहिला नाही? म्हणून म्हणतो, विषय आपलाच आहे.

आज त्यांच्या लेखनातल्या तीनच गोष्टी घेतो. जखम, आठवण आणि औषध.

पहिली गोष्ट जखमेची. २००४ च्या डिसेंबरात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या साप्ताहिकात त्यांचा एक लेख आला. विषय होता इराक आणि अफगाणिस्तानात जखमी झालेले अमेरिकन सैनिक. युद्ध बरोबर की चूक हा प्रश्न बाजूला ठेवा. त्यांनी मांडलेला हिशेब पाहा. दुसऱ्या महायुद्धात शंभर सैनिक जखमी झाले तर तीस मरत. व्हिएतनामच्या युद्धात हा आकडा चोवीसवर आला. इराक-अफगाणिस्तानात तो दहावर आला. शस्त्रं सौम्य झाली नव्हती, उलट अधिक भयंकर झाली होती. कुठलं जादूचं औषधही सापडलं नव्हतं. मग माणसं वाचली कशी?

एक तर अंगात संरक्षक जाकीट घालायची सक्ती झाली आणि ती पाळली गेली. दुसरं, वीस माणसांचं लहानसं शस्त्रक्रिया पथक लढाईच्या अगदी मागोमाग फिरू लागलं. या पथकानं सगळं ऑपरेशन करायचं नाही, असं ठरलं होतं. दोन तासांच्या आत रक्त थांबवायचं, घाण धुवायची, आणि रोग्याला पुढच्या दवाखान्यात पाठवायचं. तिथल्यांनी त्यांच्या वाटणीचं काम करायचं आणि आणखी पुढे पाठवायचं. व्हिएतनाममध्ये जखमी सैनिक मायदेशी पोचायला सरासरी पंचेचाळीस दिवस लागत, आता चारापेक्षा कमी लागू लागले. आणि तिसरं, एवढ्या धावपळीतही तिथले डॉक्टर प्रत्येक जखमीची नोंद लिहीत राहिले.

ही नोंद लिहून काय झालं, त्याचं उदाहरण ऐका. डोळ्यांच्या जखमा वाढल्याचं नोंदींतून दिसलं. चौकशी केली तर कळलं, की सैनिकांना दिलेले संरक्षक चष्मे दिसायला वाईट होते, म्हातारे घालतात तसे. म्हणून जवान पोरं ते घालतच नव्हती. लष्करानं दिसायला चांगले चष्मे आणले. पोरांनी ते घातले आणि डोळ्यांच्या जखमा कमी झाल्या. ज्या घरात मुलगा केस बिघडतात म्हणून हेल्मेट हँडलला अडकवून जातो, त्या घरातल्या आईवडिलांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आता आपल्याकडे या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलं जातं, झेंडा लागतो, आणि पांढुर्णा व सावरगाव अशा दोन्ही काठांवरून दगड चालतात. गोटमार योग्य की अयोग्य, यावर या गावात पिढ्यान् पिढ्या बोलणं झालं आहे. मी त्यात आज पडत नाही. चंडीमातेवरची श्रद्धाही मला ठाऊक आहे. मी इतकंच विचारतो: त्या दिवशी शेकडो माणसं जखमी होतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जखमींचा एक आकडा आपण वाचतो आणि पुढच्या पोळ्यापर्यंत विसरतो. त्या आकड्याच्या पोटात किती डोकी होती, किती डोळे होते, किती दात होते? किती जण पंधरा-सोळा वर्षांचे होते? दगड खेळताना लागला की नुसतं बघत उभं असताना? सैनिकांच्या डोळ्यांची गोष्ट नोंदीतून कळली, ती आठवणीतून कळली नसती.

आणि जखमी एकटा गोटमारीचाच नसतो. आपल्या पांढुर्ण्यावरून बैतूल-नागपूर हायवे जातो, सौंसरवरून छिंदवाडा-सावनेर रस्ता जातो. संत्र्याच्या हंगामात गाड्यांची गर्दी असते. मार जरा मोठा असला की डॉक्टर म्हणतात, नागपूरला न्या. १९५६ साली राज्यांची हद्द बदलली आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. पण दुखलं-खुपलं की आपली वाट अजून नागपूरचीच. पांढुर्ण्याहून शंभर एक किलोमीटर, सौंसरहून सत्तरेक. म्हणजे आपला जखमीसुद्धा त्या सैनिकासारखाच हातोहात पुढे जातो. आधी गावातला डॉक्टर, मग सरकारी दवाखाना, मग अ‍ॅम्ब्युलन्स, मग नागपूर. फरक एवढाच, की त्या सैनिकाबरोबर त्याची लेखी हकिकत जाते. आपल्या रोग्याबरोबर बहुतेक वेळा घाबरलेला भाऊ जातो. त्याला विचारतात, किती वाजता लागलं? तो म्हणतो, दुपारीच लागलं असेल. विचारतात, बेशुद्ध झाला होता का? तो म्हणतो, मी नंतर आलो.

वेळेला इतकं महत्त्व का, ते एका उदाहरणानं सांगतो. रक्तस्राव रोखायला मदत करणारं ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड नावाचं साधं, स्वस्त औषध आहे. चाळीस देशांतल्या वीस हजारांहून अधिक जखमींवर त्याचा अभ्यास झाला, त्यात आपल्या देशातले दवाखानेही होते. २०१० साली निष्कर्ष आला, की औषधानं जीव वाचतात. पण पुढे त्याच आकड्यांवरून असंही दिसलं, की फायदा होतो तो मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर. तीन तास उलटल्यावर दिलं तर अपायही होऊ शकतो. हे औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. पण तीन तास कधी सुरू झाले, हे त्यांना कोण सांगणार? घड्याळ पाहिलेला माणूसच सांगणार.

पुष्कळदा हा माणूस रस्त्यावरचा अनोळखी असतो, आणि पोलिसांच्या भीतीनं तो जखमीला दारात सोडून निघून जातो. त्याच्याबरोबर सगळी हकिकतही निघून जाते. ही भीती आता ठेवू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ घातलं आहे. सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर खटला होत नाही आणि त्याला नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही. तेव्हा पाच मिनिटं थांबा. काय पाहिलं ते सांगा आणि मग जा.

दुसरी गोष्ट आठवणीची. २००९ साली गावंडे यांचं ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ हे पुस्तक आलं. त्याच्या सुरुवातीलाच एका सर्जन मित्राची हकिकत आहे. मुखवटे आणि सोंगं घालण्याचा तिकडे एक सण असतो, हॅलोविन. त्या रात्री एका माणसाला पोटात भोसकलेलं आणलं. जखम लहान दिसत होती, रोगी बोलत होता. सगळी तपासणी रीतसर झाली. जरा वेळानं तो एकाएकी खचला. पोट उघडलं तर रक्ताचा लोंढा. वार थेट पाठीच्या कण्याजवळच्या महारोहिणीपर्यंत गेला होता. मागाहून कळलं, की सैनिकाचं सोंग घेतलेल्या माणसाच्या हातात बंदुकीची संगीन होती. कशानं भोसकलं, हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. रोगी वाचला. पण पाहा, खोलीतला एकही माणूस अडाणी नव्हता, आळशी नव्हता. प्रत्येकाला वाटलं, की दुसऱ्या कुणी विचारलंच असेल.

याआधी २००३ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर आणखी एक अभ्यास छापला होता. ऑपरेशननंतर पोटात कापसाचे बोळे किंवा अवजारं का राहून जातात? उत्तर काय आलं, तर तातडीच्या ऑपरेशनमध्ये हा धोका नऊपट वाढतो. ठरलेलं ऑपरेशन ऐनवेळी बदलावं लागलं तर चौपट वाढतो. म्हणजे घाई झाली की शहाण्या माणसाचीही आठवण फसते. मग अपघाताच्या रात्री, रक्त पाहून पाय थरथरत असताना, तुमच्या-माझ्या आठवणीचं काय होणार?

गावंडे यांनी उपाय शोधला तो साधाच. यादी. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटानं एकोणीस मुद्द्यांची एक यादी केली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रोगी बाहेर नेण्याआधी असं तीनदा थांबायचं आणि मोठ्यानं विचारायचं. रोगी तोच ना? अवयव तोच ना? कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का? अँटिबायोटिक वेळेत दिलं का? दिल्लीपासून सिअ‍ॅटलपर्यंत, आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत हे करून पाहिलं. यादीच्या आधी आणि यादीनंतर मिळून साडेसात हजारांवर ऑपरेशनं मोजली. मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. गुंतागुंत अकरा टक्क्यांवरून सातवर आली.

इथं थांबून मी टाळ्या मागितल्या तर ती अर्धी गोष्ट होईल. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात शंभरावर हॉस्पिटलांत हीच यादी लागू केली. २०१४ साली आकडे आले आणि मृत्यूंत म्हणावा असा फरक दिसला नाही. गावंडे यांच्या स्वतःच्या गटानं आपल्या उत्तर प्रदेशात बाळंतपणासाठी अशीच यादी नेली, दीड लाखाहून जास्त बाळंतपणांचा अभ्यास केला. दवाखान्यांतल्या सवयी सुधारल्या, पण माता आणि बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. हा निकालही त्यांनी २०१७ साली छापला, लपवला नाही. त्यांच्याबद्दल मला आदर आहे तो यासाठी.

यातून मी काय घेतलं? कागद स्वतः कुणाला वाचवत नाही. खुणा करायच्या म्हणून केल्या, तर ती नुसती हजेरी होते. त्या यादीत एक गमतीचा मुद्दा आहे. चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. नाव सांगितलेली नर्स पुढे काही खटकलं तर बोलायला कचरत नाही, असं त्यांना दिसलं. कागद हे बोलण्याचं निमित्त असतं. बोलणं झालं तर कागद कामाचा.

आपल्याकडेही अशी बोलणी होतात. ‘बेटर’ या पुस्तकात गावंडे यांनी नांदेडच्या सरकारी इस्पितळाबद्दल लिहिलं आहे. चौदाशे खेडी, पाचशे खाटा आणि सर्जन अवघे नऊ. पण ते सर्जन रोज समोरच्या हॉटेलात चहाला बसत आणि आपापल्या केसेस एकमेकांना सांगत. कमी साधनांतही ते चांगलं काम करत, त्याचं एक कारण हा चहा होता, असं गावंडे यांना वाटलं.

तिसरी गोष्ट औषधाची, आणि ही माझ्या काउंटरची आहे. ‘चेकलिस्ट’ पुस्तकातच एक प्रसंग आहे. ऑपरेशन चालू असताना रोग्याचं हृदय थांबलं. सगळे जण कारण शोधू लागले. भूलतज्ज्ञानं पोटॅशियम कमी होतं म्हणून ते दिलं होतं, पण चुकीच्या तीव्रतेचं, हवं त्याच्या शंभरपट. त्यानं ते लपवलं नाही, पुन्हा तपासून तिथंच सांगितलं. म्हणून योग्य उपाय करता आला आणि रोगी वाचला. मोठ्या हॉस्पिटलात, मोठ्या डॉक्टरांच्या हातून हे होतं, तर आपल्या घरच्या गोळ्यांच्या डब्यात काय होत असेल?

मी सांगतो काय होतं. आजोबांना रक्तदाबाची गोळी पांढुर्ण्यातून चालू आहे. छातीत दुखलं म्हणून नागपूरला नेलं, सुट्टी मिळाली, कार्डावर नव्या नावाची गोळी आली. घरी आल्यावर आजोबा जुनीही घेतात आणि नवीही. नावं दोन, कंपन्या दोन, आतलं औषध एकच. म्हणजे रोज दुप्पट. मग चक्कर येते, आजोबा न्हाणीत पडतात, आणि आपण म्हणतो, वय झालं. दुसरी गोष्ट रंगाची. पुष्कळ जण काउंटरवर येऊन म्हणतात, ती छोटी पांढरी गोळी द्या. कंपनी बदलली की तीच गोळी गुलाबी होते आणि दुसरीच कुठली पांढरी. तिसरी गोष्ट, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी असते, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते.

रोग्याची चूक म्हणून हे मी सांगत नाही. रॉय केसेल्स यांनी २००३ साली या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी चाळीस ते ऐंशी टक्के गोष्टी रोगी लगेच विसरतो, आणि जे आठवतं त्यातलं निम्मं चुकीचं असतं, असं त्यांना आढळलं. वय आणि धास्ती जितकी जास्त, तितकं कमी आठवतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये औषधांपासून होणारे टाळता येण्याजोगे अपाय कमी करायची मोहीम सुरू केली. तिचा एक मोठा भाग हाच होता, की रोगी एका दवाखान्यातून दुसरीकडे जाताना औषधांची यादी त्याच्यासोबत नीट जावी.

आता एक गोष्ट बोलताना जड जातं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या परासिया भागात लहान मुलांना खोकल्याचं कोल्ड्रिफ हे औषध पाजलं गेलं आणि त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. आई-बाप मुलांना घेऊन नागपूरला धावले. वीसहून अधिक मुलं गेली. तामिळनाडूच्या प्रयोगशाळेत त्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, ४८.६ टक्के. चालू शकतं ते ०.१ टक्का. त्या आई-बापांच्या हाती काहीही नव्हतं. त्यांनी औषधच दिलं होतं. दोष बनवणाऱ्यांचा आणि तपासणाऱ्यांचा, आणि तो कधीही आयांच्या पदरात टाकू नये.

पण हे विष पहिल्यांदा आलं नव्हतं, हे आपण विसरलो होतो. १९३७ साली अमेरिकेत याच रसायनानं शंभरावर माणसं मेली आणि तिथं औषधांचा कायदा कडक झाला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरिनमध्ये हेच मिसळलेलं होतं, चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. मुंबईचे मेंदूचे सर्जन डॉ. सुनील पंड्या यांनी १९८८ साली त्यावर लेख लिहून ते सगळं नोंदवून ठेवलं. २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबियात पुन्हा मुलं गेली. माणसाप्रमाणे समाजाचीही आठवण कच्ची असते. म्हणून लिहावं लागतं, आणि लिहिलेलं पुन्हा वाचावं लागतं.

आपल्या हाती काय आहे, ते आता सांगतो. केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सांगितलं आहे, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांपर्यंतही सहसा देऊ नयेत. शेजारणीच्या मुलाला लागू पडलेली बाटली आपल्या मुलाला पाजू नका. औषध घेतलं की बिल घ्या. औषध संपेपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस बाटली, खोका आणि बिल टाकून देऊ नका. बॅच नंबर कुणाच्याच लक्षात राहत नाही, तो बाटलीवरच असतो. रोगी बिघडला आणि नागपूरला नेला, तर बाटलीही बरोबर न्या.

आणि घरोघरी एक चिठ्ठी करा. शाळेच्या वहीचं एक पान पुरे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची वेगळी. नाव, वय, जुने आजार. झालेली ऑपरेशनं. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी. चालू गोळ्या, पाकिटावरचं आतल्या औषधाचं नाव पाहून, किती आणि केव्हा घ्यायच्या ते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत. अशा माणसाच्या डोक्याला लागलं तर रक्त आत साचत राहू शकतं, आणि म्हाताऱ्यांमध्ये ते कधी कधी आठवडे-महिन्यांनी त्रास देतं. शेवटी घरच्या दोघांचे फोन नंबर. आपल्याकडे डॉक्टर हिंदी बोलतात, मराठी बोलतात. चिठ्ठी कुठल्याही भाषेत लिहा, पण गोळीचं नाव पाकिटावर आहे तसंच उतरवा.

मागच्या बाजूला अपघाताच्या ओळी ठेवा. किती वाजता लागलं? कशानं लागलं, किती उंचीवरून पडला? बेशुद्ध झाला का, किती वेळ? उलटी, झटका? वाटेत कोणतं औषध दिलं, किती वाजता? डोक्याला मार लागलेला माणूस कधी कधी अगदी बरा दिसतो, बोलतो, चहा मागतो, आणि काही तासांनी ढासळतो. तो त्याच त्याच गोष्टी पुन्हा विचारत असेल, काय झालं ते आठवत नसेल, तर झोपू द्या बरं वाटेल, असं म्हणून थांबू नका. दवाखाना गाठा आणि हे जसंच्या तसं सांगा. त्याचं विसरणं हेच लक्षण आहे.

पण कॅनडाची गोष्ट ध्यानात ठेवा. चिठ्ठी करून देव्हाऱ्यामागे ठेवली तर ती कागदच राहील. घरातल्या एका माणसाचं नाव ठरवा. पुष्कळ घरांत हे काम सून किंवा नातच उत्तम करील. दवाखान्यातून कुणीही घरी आलं, की त्याच दिवशी जुनी चिठ्ठी आणि नवं कार्ड शेजारी ठेवायचं आणि ओळीनं विचारायचं: ही चालू, ही बंद, ही नवी. न कळेल ते आमच्यासारख्या दुकानदाराला विचारा, डॉक्टरांना विचारा. काउंटरवर प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक मला कधी जड झालं नाही. न विचारता निघून जाणाऱ्याची मात्र काळजी वाटते.

मंडळाला माझी एक विनंती आहे. गणपतीत आपण रक्तदान करतो, आरोग्य शिबिर घेतो. यंदा एक दिवस चिठ्ठीसाठी ठेवावा. घरातल्या ज्येष्ठांनी गोळ्यांची पिशवी घेऊन मांडवात यावं, शिकल्या पोरांनी लिहून द्यावं, डॉक्टर आणि फार्मासिस्ट मंडळींनी ती तपासावी. या कामाला पैसा लागत नाही. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली चार तरुण मुलं वही-पेन घेऊन जखमींजवळ उभी राहिली, डॉक्टरांच्या परवानगीनं, कुणाचं नाव न लिहिता, वय, जखमेची जागा आणि वेळ एवढंच टिपून घेतलं, तर तीन-चार वर्षांत आपल्या हाती जे येईल त्यावर गावाला शांतपणे बोलता येईल. आज आपण नुसते बाजूनं आणि विरोधात बोलतो.

आपण जुनी मराठी घरं आहोत. कुळाचार कुणाकडे काय, कुणाची सोयरीक कुठं, शंभर वर्षांपूर्वी कोण कुठल्या गावाहून आलं, हे आपल्याला तोंडपाठ असतं आणि त्याचा आपल्याला अभिमान असतो, असावाही. पण आईच्या सकाळच्या दोन गोळ्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? आज घरी गेल्यावर तिच्याजवळ बसा, डबा उघडा आणि विचारा. ती म्हणेल, माझ्या लक्षात आहे. तरीही लिहून घ्या.